देण्याचा कारभार: मुंबईतल्या ख्रिस्ती घरासाठी

रविवारी अर्पणाची थैली आपल्या बाकापाशी आली की आपण खिसा चाचपतो. शंभराची नोट असली तर शंभर, नसली तर पन्नास, आणि नेमकी पाचशेचीच निघाली तर क्षणभर घालमेल. पौलाने करिंथच्या मंडळीला वेगळी पद्धत घालून दिली होती. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे काही रक्कम बाजूला काढून ठेवावी, असं तो लिहितो (१ करिंथ १६:२). म्हणजे ठरवायचं आधी, घरी बसून, आणि द्यायचं नंतर. थैली समोर आल्यावर ठरवलं की देणं त्या दिवशीच्या मूडवर जातं.

आमच्या मंडळीच्या मदत निधीचं काम मी बघते. त्यातून एक मत पक्कं झालंय: मुंबईत द्यायची इच्छा नसलेली माणसं कमी आहेत, देण्याची व्यवस्था नसलेली घरं फार आहेत. पेत्र आपल्याला देवाच्या कृपेचे चांगले कारभारी व्हायला सांगतो (१ पेत्र ४:१०), आणि कारभार म्हटला की वही आली, तारीख आली, जबाबदार माणूस आला. ते कसं करायचं ते खाली लिहिलंय.

पहिलं काम: घरात काय आहे त्याची यादी

जळत्या झुडपापाशी मोशे टाळाटाळ करत होता तेव्हा देवाने त्याला विचारलं, तुझ्या हातात काय आहे? होती नुसती काठी. घरातल्या सगळ्यांनी एका संध्याकाळी बसून याच प्रश्नाचं उत्तर लिहावं. पैसे शेवटी लिहा, नाहीतर यादी तिथेच थांबते.

बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना फॉर्म भरता येतात, साहेबाला अर्ज कसा लिहायचा ते येतं. मुंबईत ही मोठी देणगी आहे, कारण सरकारी योजना असतात आणि कागद अपुरे म्हणून माणसं त्यांच्या दारातून परत येतात. मुलगी नर्स असेल तर डिस्चार्ज कार्डावरचं अक्षर वाचून औषधांच्या वेळा समजावून सांगणं तिला दहा मिनिटांचं काम. दहावीच्या गणिताची शिकवणी, शिलाई मशीन, रविवारी दुपारी रिकामी उभी असलेली गाडी, हिंदी आणि इंग्रजी दोन्ही बोलता येणारं माणूस. आणि जागा. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या शहरात शांतपणे अभ्यासाला बसता येईल असं एक टेबल संध्याकाळी दोन तास शेजारच्या मुलाला देणं हे रकमेत मोजता येत नाही.

प्रत्येक गोष्टीपुढे लिहा: कोण देणार, आठवड्यात किती वेळ, कोणत्या वारी. "कधीही सांगा" असं लिहू नका. कधीही सांगा म्हणणाऱ्या माणसाला कोणी कधीच सांगत नाही.

पैसा: १ तारखेला, आणि कर्ज न काढता

दशमांशावरून आपल्यात वाद होतात. मलाखी ३:१० दाखवून कोणी म्हणतं दहा टक्के झालेच पाहिजेत, तेही हातात येणाऱ्या पगारावर की कपातीच्या आधीच्या? दुसरे म्हणतात, नव्या करारात आकडा नाही. माझं मत असं की दहा टक्के ही सुरुवातीला चांगली खूण आहे, पण चाळीस हजारांतून वीस हजारांचा घराचा हप्ता भरणाऱ्याला आणि दोन लाख मिळवणाऱ्याला एकच मोजपट्टी लावणं पौलाला पटलं नसतं. जवळ नाही त्याप्रमाणे नव्हे तर आहे त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, हे त्यानेच लिहिलंय (२ करिंथ ८:१२). तीन टक्के झेपत असतील तर तीनने सुरुवात करा, पगारवाढ झाली की एकाने वाढवा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असताना मोठी देणगी देऊ नका. तो पैसा तुमचा नाही, बँकेचा आहे.

पगार जमा झाला की ठरलेली रक्कम त्याच दिवशी वेगळ्या खात्यात वळवा. बँकेत कायमची सूचना देऊन ठेवता येते. घरी रोख ठेवत असाल तर पाकीट वेगळं. त्या रकमेचे तीन भाग करायचे: एक मंडळीसाठी, एक ओळखीच्या गरजूंसाठी किंवा विश्वासाच्या संस्थेसाठी, आणि एक हात न लावता ठेवायचा. हा तिसरा भाग लोक विसरतात. मुंबईत पाऊस आधी कळवून येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा वेळी शेजाऱ्याला गादी, भांडी, औषधं आजच लागतात, पुढच्या पगारापर्यंत थांबता येत नाही.

नियमित पगार नसलेल्या घरांसाठी मिझोराममधल्या बहिणींची रीत घेण्यासारखी आहे. तिथे १९१० पासून घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात, पुढे ते गोळा करून विकले जातात, आणि त्या मुठींवर मोठी कामं उभी राहिली आहेत. आपल्या महिला मंडळाला डाळ-तांदळाचा डबा ठेवायला काय हरकत आहे?

विधवेने टाकलेल्या दोन टोल्यांचा, म्हणजे दोन छोट्या नाण्यांचा, दाखला अर्पणाच्या वेळी हमखास दिला जातो. त्याच्या आधीचं वचन मात्र सहसा वाचलं जात नाही. विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर प्रभूने ताशेरे ओढले (मार्क १२:४०), आणि लगेच ही विधवा येते. तेव्हा पेन्शनवर जगणाऱ्या आजींकडून इमारत निधीसाठी "विश्वासाने" मोठा आकडा लिहून घेणाऱ्यांनी तो अख्खा अध्याय वाचावा.

दानाआधी मजुरी

हे काहींना बोचेल. कामाला येणाऱ्या मावशींना महिन्याला चार सुट्या भरपगारी मिळतात का? दोन वर्षांत पगार वाढवलाय का? त्या आजारी पडल्या तर पैसे कापता का? याकोब ५:४ मध्ये अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते असं म्हटलंय, आणि अनुवाद २४ मध्ये गरीब मजुराला सूर्य मावळायच्या आत पैसे द्यायची आज्ञा आहे. मावशींचे पाचशे कापून रविवारी पाचशे अर्पण केले तर ते अर्पण मावशींचं झालं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर त्यांचा पगार, दिवाळी किंवा नाताळचा बोनस आणि त्यांच्या मुलांच्या शाळा उघडतानाचा खर्च लिहा. हे दानात धरू नका.

गरज कळल्यावर काय करायचं

मंडळीत कुणाचं काम गेलं, कुणाच्या घरी आजारपण आलं, हे आधी कुजबुजीतून कळतं. ऐकीव माहितीवर पाकीट पाठवू नका. घरी जा, आणि दोघांनी जा. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या तरुण मित्रांनी सुरू केली. आपल्या शहरातल्या कॅथलिक पॅरिशमध्ये तिची मंडळं आजही काम करतात, आणि जोडीने घरभेट हा त्यांचा जुना शिरस्ता आहे. दोघे असले की एक बोलतो, दुसरा बघतो, आणि बाहेर पडल्यावर दोघांचं मत ताडून बघता येतं. बाईमाणूस एकटी राहत असेल तर जोडीत एक बाई हवीच.

बसल्यावर "काय पाहिजे?" असं एकदम विचारू नका. भिडेपोटी "काही नाही, देवाची दया आहे" असंच उत्तर येतं. भाडं किती, थकलंय का, रेशनकार्ड चालू आहे का, मुलांची फी कधी भरायची, औषधांना महिन्याला किती लागतात, असं एकेक विचारलं की चित्र कळतं. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना "काका, एक काम होतं तुमच्याकडे" असं म्हणून सुरुवात केलेली बरी. आधी त्यांच्याकडून काहीतरी घ्यावं, मग मदतीचा विषय काढावा.

फी असेल तर शाळेच्या खात्यात भरा आणि पावती घरच्यांना द्या. भाडं असेल तर मालकाला देण्याआधी भाडेकरूला विचारा, कारण चाळीत बातमी पसरते आणि ती त्यांना नको असेल. किराणा असेल तर पिशव्या भरून नेण्यापेक्षा त्यांच्या नेहमीच्या वाण्याकडे रक्कम जमा करणं चांगलं. त्यांना बासमती नको असेल, तेल हवं असेल. मोठ्या माणसाला काय शिजवायचं हे ठरवायचा हक्क राहू द्या.

उसने मागितले तर? देताना मनात ठरवून टाका की हे गेले. परत आले तर तिसऱ्या भागात टाका. परत मिळतील या हिशोबाने दिलेले पैसे मंडळीतली नाती कुरतडतात. समोरचा तुमच्याकडे बघायचं टाळतो, मग उपासनेला यायचं टाळतो. एवढी रक्कम सोडून देणं झेपत नसेल तर कमी द्या आणि तसं स्पष्ट सांगा.

फोटो काढू नका. डाव्या हाताला कळू नये असं प्रभू म्हणाला (मत्तय ६:३), आणि आपण धान्याच्या पिशवीसकट म्हातारीला मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. हिशोबाला पावती पुरते, चेहरा लागत नाही.

दवाखाना: इथे मुंबईकर सर्वांत जास्त देऊ शकतो

परळला टाटा मेमोरियल आणि केईएमच्या आसपास एक फेरी मारा. बंगाल, बिहार, विदर्भ, मराठवाड्यातून आलेली कुटुंबं फुटपाथवर दिवस काढताना दिसतील. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा अशा रुग्णांना वर्षानुवर्षं आसरा देते आहे. आसरा देणारा ख्रिस्ती आहे की नाही हे न बघता तिथे मदत करावी, कारण वाटेत पडलेल्या माणसाला उचलणारा शोमरोनीही आपल्यातला नव्हता.

पैशापेक्षा इथे माहिती लागते. म्हणून मंडळीतल्या दोन-तीन जणांनी पुढच्या गोष्टी नीट शिकून घ्याव्यात.

महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना, त्यात मुंबईतली काही बडी रुग्णालयंही आली, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली ही योजना आहे. तातडीच्या रुग्णाला ताबडतोब दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे आणि निर्धन रुग्णाकडून अनामत मागायची नाही, हेही तिच्यात आहे. नातेवाइकांना हे माहीत नसतं, आणि कॅश काउंटरवरचा माणूस आपणहून सांगेल अशी आशा धरू नका. रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटायचं. शक्यतो बिल वाढायच्या आधी, दाखल होतानाच. उत्पन्नाची मर्यादा बदलत असते, ती त्यांच्याकडूनच विचारून घ्या. दाद लागली नाही तर वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे लेखी अर्ज करता येतो. भांडण नको, अर्ज हवा, त्याची पोच हवी.

दुसरी वाट महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन त्यांना गाठायचं. आपला आजार आणि आपली शस्त्रक्रिया यादीत आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारायचं.

कागदांसाठी रांगेत उभं राहणं ही सेवा आहे. नोकरीवरून एक दिवसाची रजा काढून कुणाचा उत्पन्नाचा दाखला मिळवून देणाऱ्याने पन्नास हजारांची देणगी दिल्यासारखं काम केलेलं असतं, कधी त्याहून जास्त. भारीतला मोबाइल खिशात नसलेल्या, मराठी न येणाऱ्या बापाला एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत नेऊन खिडकी दाखवणारं माणूस मिळालं तर त्याचा अर्धा आजार हलका होतो.

डबा द्यायचा ठरला तर रुग्णाला काय चालतं ते आधी वॉर्डात विचारा. केमोथेरपी चालू असलेल्याला घरचं तिखट कालवण प्रेमापोटी देऊन उपयोग नाही. सोबत बसलेल्या नातेवाइकाला मात्र गरम भाकरी-भाजी हवीच असते, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

रक्तदान हे सर्वांत सोपं दान. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, पुरुषांनी दोन दानांत ९० दिवसांचं आणि स्त्रियांनी १२० दिवसांचं अंतर ठेवायचं. मंडळीत रक्तगटांची यादी ठेवा, पण सगळ्यांना एकाच रविवारी उभं करू नका. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, लोक गावी जातात, रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. तेव्हाचं एक शिबिर डिसेंबरातल्या तीनांना भारी.

अन्न आणि कपडे

थोडक्यात. लग्नाचं किंवा वाढदिवसाचं जेवण उरलं तर मुंबईच्या दमट हवेत दोन तासांत वाटून संपलं पाहिजे. रात्री अकराला "कुणाला तरी देऊ" म्हणत फिरू नये, कुठे द्यायचं हे सकाळीच ठरलेलं असावं. कपडे धुतलेले, बटणं लावलेले, स्वतः घालून बाहेर जाल असेच. बाकीच्यांचं पायपुसणं करा.

मंडळीचा निधी

यरुशलेमेच्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी प्रवचन दिलं नाही, सात माणसं नेमली (प्रेषितांची कृत्ये ६). आणि मोठी रक्कम यरुशलेमेला नेताना पौल एकटा गेला नाही. आपल्यावर कुणी ठपका ठेवू नये म्हणून देवासमोर तसंच माणसांसमोरही चोख राहण्याची काळजी घेतोय, असं त्याने लिहून ठेवलं (२ करिंथ ८:२०-२१). त्यामुळे "देवाच्या कामात हिशोब कसला मागता" असं कुणी म्हणालं तर हा अध्याय त्यांच्यासमोर ठेवा.

अर्पण दोघांनी मोजावं, दोघांनी सही करावी, सोमवारी बँकेत भरावं. क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचा असावा; पाळकसाहेबांच्या किंवा खजिनदारांच्या स्वतःच्या खात्याचा नको, माणूस कितीही सज्जन असो. मदत मंजूर करणारे तीन जण असावेत आणि त्यातल्या कुणाचा नातेवाईक अर्जदार असेल तर त्याने त्या दिवशी बाहेर बसावं. दर तिमाहीला एक पान मंडळीसमोर वाचावं: किती आले, किती घरांना गेले, कशासाठी गेले. नावं वाचू नयेत.

करसवलतीबद्दल गैरसमज फार. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सूट मान्यता असलेल्या धर्मादाय संस्थांच्या देणगीला मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली तर. रोख दोन हजारांच्या वरच्या देणगीला ती नाही. रविवारच्या अर्पणाला ती बहुधा मिळतच नाही, तेव्हा मंडळीच्या पावतीवर ते छापायचा आग्रह धरू नका. परदेशातून पैसा येणार असेल तर आणखी जपा. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ आपल्या पगारातून बँकेमार्फत देतो ते चालतं. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्या मामांची देणगी परकीय ठरते, आणि परकीय देणगीच्या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या ट्रस्टला ती घेता येत नाही. नातं तेच, पासपोर्ट वेगळा.

अट नको

मदतीच्या बदल्यात धर्म, असा आरोप आपल्यावर इंग्रजी अमदानीतल्या दुष्काळांच्या काळापासून होत आला आहे. त्याला उत्तर भाषणाने देता येत नाही, रीतीने देता येतं. धान्य देताना पत्रक देऊ नका. "येत्या रविवारी या हं" हे वाक्य त्या भेटीत गिळा. आजाऱ्याच्या घरच्यांनी प्रार्थना करा म्हटलं तरच प्रार्थना करा, आणि ती लहान करा. कुणी विश्वासाबद्दल विचारलं तर जरूर बोला, पण दुसऱ्या दिवशी, चहावर, तुमचे हात रिकामे असताना.

सणांचा मोसम

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या कॅथलिकांच्या, गावठाणांत आगेरा हा सुगीचा सण साजरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या मिरवणुकीने चर्चमध्ये येतात. शेतं बिल्डरांकडे गेली तरी सण टिकून आहे. आमच्याकडे मराठी मंडळ्यांत उपकारस्तुतीच्या सणाला भोपळे, कोंबड्या, लोणची, केक येतात आणि मग लिलाव. लिलावात चढाओढ लागते, एक नारळ हजारावर जातो, हसणं-खिदळणं होतं. मला हा प्रकार आवडतो. फक्त त्या दिवशीच ठरवून टाका की जमलेल्या रकमेतला अमुक हिस्सा मंडळीबाहेरच्या कामाला जाईल, आणि उरलेल्या भाज्या कुणाच्या घरी पोचवायच्या ते लिहून ठेवा, नाहीतर त्या पंचांच्या घरीच जिरतात.

नाताळात करंज्या, शंकरपाळ्या, केकची ताटं चाळीत, इमारतीत फिरतात आणि दिवाळीला दिलेल्या ताटांची परतफेड होते. छान आहे, पण ही देवाणघेवाण आहे. लूक १४ मध्ये प्रभू म्हणतो की परत बोलावू शकणार नाहीत अशांना जेवायला बोलवा. मग इमारतीचा वॉचमन, पाणी सोडणारे काका, कचरा नेणाऱ्या ताई यांना ताट गेटवर पाठवण्याऐवजी घरात बसवून वाढा. त्यांची पाळी कधी सुटते ते विचारून वेळ ठरवा; सणाच्या दिवशी त्यांना सुट्टी नसते.

मदत घेतलेल्यांना यादीत घ्या

हे काम बहुतेक मंडळ्यांत राहून जातं. ज्या घराला मदत गेली ते घर कायमचं "मदतीचं घर" होऊन बसतं. आज तुमची विपुलता त्यांची गरज भागवो आणि उद्या त्यांची तुमची, असं पौल म्हणतो (२ करिंथ ८:१४). तेव्हा सहा महिन्यांनी त्या घरी पुन्हा जा, या वेळी पैसे न घेता, आणि सुरुवातीला तुम्ही तुमच्या घराची केली तशी त्यांच्याबरोबर बसून त्यांच्या हातात काय आहे त्याची यादी करा. त्यांनी बोंबलाची चटणी बरणीत भरून दिली तर ती घ्या, पैसे पुढे करू नका. आणि टाटाला वर्षभर खेपा घातलेलं कुटुंब असेल तर पुढच्या रुग्णाबरोबर त्यांच्यातल्याच कुणाला तरी पाठवा. कोणत्या खिडकीवर किती वाजता उभं राहायचं आणि कोणती झेरॉक्स दोनदा लागते, हे त्यांना निधीच्या कमिटीपेक्षा चांगलं ठाऊक असतं.